रंगाच्या डब्यातून निघालेली गोळी

व्यापारी बंधूंनो, सिबा, गायगी आणि सॅन्डोज ही नावे आम्ही लहानपणी रंगाच्या डब्यांवर वाचली. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरातल्या ह्या कंपन्या औषधेही करतात, हे आम्हाला फार उशिरा कळले. आमच्या पेढीवरील एका जुन्या गुमास्त्याला रक्ताचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी जी गोळी लिहून दिली, तिचे मूळ ह्याच रंगवाल्यांच्या प्रयोगशाळेत निघाले.

रंग आणि औषध यांचे नाते जुने आहे. सुताला धरणारा रंग टेरिलीनला धरत नाही, हे आपल्याकडचा प्रत्येक रंगारी जाणतो. जर्मन संशोधक पॉल एर्लिख यांनी हीच गोष्ट शरीराच्या पेशींबाबत पाहिली. एक रंग अमुक पेशींवर चढतो, तमुक पेशींवर चढत नाही. मग औषधही असे का असू नये, की जे रोगाला धरील आणि बाकी शरीराला सोडील?

आमच्या गुमास्त्याच्या आजारात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात. त्यातून एक बिघडलेले प्रथिन तयार होते आणि ते पांढऱ्या पेशींना वाढीचा हुकूम देतच राहते. सिबा-गायगीच्या रसायनशास्त्रज्ञांनी ह्या प्रथिनाला अडवणारे संयुग शोधले. पहिला नमुना कच्चा होता. त्याला एक जोड दिली तेव्हा तो नेमक्या जागी बसू लागला. दुसरी जोड दिली तेव्हा पाण्यात विरघळू लागला आणि तोंडाने देता येऊ लागला. १९९६ मध्ये सिबा-गायगी आणि सॅन्डोज मिळून नोव्हार्टिस झाली. १९९८ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू झाली आणि २००१ मध्ये अमेरिकेत ‘ग्लिव्हेक’ला मंजुरी मिळाली. पूर्वी काही वर्षांत माणूस नेणारा हा रोग आता पुष्कळांच्या बाबतीत रोजच्या गोळीवर आटोक्यात राहतो.

पण भाव? कंपनीची गोळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे, तर भारतीय कारखान्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. कंपनीने ह्याच औषधाच्या एका स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. कायदा सांगतो की जुन्या पदार्थाच्या नव्या रूपाने गुण वाढत नसेल तर त्यावर मक्तेदारी मिळणार नाही. तेच थान नव्या घडीत बांधून नवा माल म्हणून विकण्यासारखेच हे. आमच्या मते निकाल योग्यच होता.

मात्र व्यापाऱ्याने तराजूची दोन्ही पारडी पाहावीत. नवे संयुग शोधताना शेकडो नमुने फेकावे लागतात, तेव्हा एखादा टिकतो. त्या मेहनतीचा मोबदला मिळाला नाही तर पुढचे औषध कोण शोधील? शोधणाऱ्याला नफा मिळावा. पण रोग्याच्या नाडीवर बोट ठेवून भाव लावू नये.

खरा सवाल आपल्यापुढे आहे. बाझेलच्या रंगवाल्यांनी नफ्यातला पैसा प्रयोगशाळेत घातला. आपण तोच रंग विकला, तेच कापड रंगवले आणि नफा गाळ्यांत व जमिनींत गुंतवला. दुसऱ्याने शोधलेले औषध स्वस्तात बनवण्याचे हुनर आपल्या देशात आहे. १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्ला उभी केली, तेव्हापासून ते वाढतच गेले. नवे शोधण्यात मात्र आपण मागे आहोत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कर्करोगाच्या रोग्याला परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत जाण्याचे भाडे आपण आनंदाने देतो, ते द्यावेच. त्याबरोबर रसायनशास्त्रात पुढे शिकणाऱ्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची फीही भरावी. आणि आपलाच मुलगा प्रयोगशाळेत जाऊ इच्छित असेल, तर त्याला ओढून गादीवर बसवू नये. आम्ही आमच्या मुलाला असेच बसवले होते. गुमास्त्याच्या औषधाचे बिल हातात आले, त्या दिवशी ती चूक आम्हाला उमगली.