आम्ही ज्याला ‘औषध’ म्हणतो

आमच्या देवगाव रंगारीच्या शिवारात कपाशीला बोंडे धरू लागली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, “आज औषध मारायचंय.” ताप आल्यावर आई देते तेही औषध आणि अण्णा पाठीवर पंप घेऊन अळीवर मारतात तेही औषध! बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आले, तेव्हा कुठे हा शब्द मला खटकू लागला.

मागच्या हंगामात अण्णा फवारणीहून परतले, तेव्हा त्यांच्या हातातली कपबशी थरथरत होती. “ऊन लागलं,” म्हणाले. आईने कांदा ठेचून दिला. ती थरथर कशाची होती, हे मी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. पण त्या रात्री कोनाड्यातली बाटली मी प्रथमच वाचली. लाल त्रिकोण, कवटी आणि बारीक अक्षरांत ‘विष’! आमच्या घरात ते वाचू शकणारी मी एकटीच. त्याच बाटलीसाठी मी बांधावर पाणी वाहिले होते आणि अण्णांचे भिजलेले कपडे आईने उघड्या हातांनी धुतले होते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशके मज्जासंस्थेवरच घाव घालतात. मज्जातंतू ॲसिटिलकोलीन या द्रव्यातून स्नायूंना निरोप देतो आणि एक विकर तो निरोप लगेच पुसून टाकते. विष त्या विकरालाच निकामी करते. मग निरोप थांबतच नाही. स्नायू फडफडतात, पुढे लुळे पडतात. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, शुद्ध हरपते, श्वास अडतो. अळी मरते ती अशीच, आणि माणसाच्या शरीरातही तेच द्रव्य, तेच विकर! हे विष कातडीतूनही आत शिरते. शिवाय वर्षानुवर्षे कीटकनाशकांशी संबंध येणाऱ्यांत कंपवाताचा धोका वाढतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. तरी पुष्कळांनी दोष दिला तो मेलेल्यांनाच: “हातमोजे, मुखपट्टी का वापरली नाही? निष्काळजीपणा!”

मी विचारते, ज्याला दुकानापासून घरापर्यंत सगळे ‘औषध’ म्हणतात, त्याला भ्यायचे कसे? विकणाऱ्याने ते विष आहे हे तोंडाने सांगू नये, सूचना बारीक अक्षरांत छापाव्यात, आणि निरक्षराला निष्काळजी म्हणावे, हा कुठला न्याय?

मित्रमैत्रिणींनो, आपण घरातले पहिले शिकलेले. परीक्षेपुरते वाचून आपले ऋण फिटत नाही. यंदा बाटली फोडण्यापूर्वी ती घरात मोठ्याने वाचा. फवारणीनंतर कुणाला घाम, मळमळ, थरथर जाणवली तर कांद्यावर न थांबता बाटलीसकट दवाखाना गाठा.

आमच्या घरी मी सुरुवात केली आहे. अण्णा परवा आईला म्हणाले, “पोरीला विचार, ते विष कुठं ठेवलंय.” माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणाचे एवढे फळ मला पुरेसे वाटले.