आरोग्यचिंतन : गाठीपलीकडचे यकृत

शुक्रवार पेठेतील एखाद्या घरात यकृतात गाठ असल्याचा अहवाल आला, की सर्वांची दृष्टी गाठीच्या आकारावर खिळते. शल्यचिकित्सकाला मात्र निराळी चिंता असते : गाठ काढल्यावर उरलेले यकृत देहाचा भार वाहील काय? कारण असे रुग्ण बहुधा दोन व्याधी घेऊन येतात. एक गाठ आणि दुसरे, तिच्याभोवतीचे आधीच कठीण झालेले यकृत.

याचे उत्तर बरेचसे रक्तातील प्रथिनांत सापडते. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतातच तयार होते. निरोगी माणसात ते डेसिलिटरला साधारण 3.5 ते 5 ग्रॅम असते. 1973 साली पग व सहकाऱ्यांनी मांडलेल्या गुणपद्धतीत बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा काळ, पोटातील पाणी व मेंदूवरील परिणाम यांच्यासह अल्ब्युमिनलाही स्थान मिळाले. 2015 साली आलेली ‘आल्बी’ श्रेणी तर केवळ अल्ब्युमिन व बिलिरुबिन यांवरच आधारलेली आहे.

परंतु अल्ब्युमिनचा अर्धायुकाल सुमारे 20 दिवसांचा. आजचा आकडा म्हणजे गेल्या काही आठवड्यांची हकीकत! प्रीअल्ब्युमिनचा अर्धायुकाल सुमारे दोन दिवस, तर रेटिनॉल वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा जेमतेम अर्धा दिवस; म्हणून यकृताची ताजी स्थिती ती लवकर सांगतात. मात्र कुपोषण वा दाह असला तरीही ती घटतात. अल्फा फीटोप्रोटीन हेही प्रथिनच. पण ते गाठीची खबर देते, यकृताच्या कार्यक्षमतेची नव्हे. अहवाल वाचताना घरोघरी हीच गफलत होते.

अल्ब्युमिन घटले, की कोणीतरी अंडी सुचवतो आणि श्रावक कुटुंब संकोचते. तसे कारण नाही. मूग, तूर, सोयाबीन, दूध, पनीर यांतून पुरेसे प्रथिन मिळू शकते. शिवाय उणीव नेहमी ताटातलीच नसते, यकृताची निर्मितीच मंदावलेली असते.

खरा पेच रात्रीचा आहे. जीर्ण यकृतात साखरेचा साठा अल्प असतो. दीर्घ उपवासात देह स्वतःचे स्नायू झिजवू लागतो. त्यामुळे अशा रुग्णास झोपण्यापूर्वी अल्पाहार सांगितला जातो, आणि तेथे चौविहार आड येतो. रुग्णाने नियम लपवून डॉक्टरांपुढे मान डोलावू नये. तो स्पष्ट सांगावा. सूर्यास्तापूर्वीचा आहार आणि सूर्योदयानंतरची पहिली न्याहारी यांची आखणी करता येते. तेवढ्याने भागत नसेल, तर गुरुमहाराजांना विचारावे. प्रत्याख्यानातही आगार ठेवलेले असतात.