वीरगळाचा सातबारा

कुरुंद्याच्या वाचकांनी वेशीजवळच्या वीरगळाच्या संरक्षणासाठी पाठवलेला प्रस्ताव परत आला आहे. शेरा : सातबारा जोडलेला नाही, चतुःसीमा नमूद नाहीत. रस्त्याच्या कडेला शेंदूर माखून उभी असलेली हातभर रुंदीची शिळा. तिच्या पूर्वेला काय लिहायचे? पश्चिमेला गटार आहे, एवढे तरी लिहिता येईल.

कारकुनाला बोल लावून मात्र भागणार नाही, गोम कायद्यातच आहे. 1958 च्या केंद्रीय अधिनियमाच्या व्याख्येत शिलालेख आणि एकाश्म शिळा स्मारकांत मोडतात. पण राष्ट्रीय संरक्षण मिळाले की 2010 च्या दुरुस्तीप्रमाणे भोवती शंभर मीटर बांधकामबंदी. भर गावठाणातल्या दगडासाठी असा ठराव कोणता सरपंच घेईल? इंग्लंडात कॉर्नवॉल-डार्टमूरकडचे मध्ययुगीन वाटेवरचे क्रूस एकेक करून संरक्षित यादीत घेतले आहेत आणि भोवतीचा राखीव पट्टा बहुधा दोन मीटरचा असतो. दोन! आपल्याकडे राजवाड्याला आणि वीरगळाला एकच माप.

तोच दगड उचलून देवळाच्या ओट्यावर नेला, की तो 1972 च्या पुराणवस्तू अधिनियमाकडे सरकतो. नांगराला लागून वर आला तर 1878 चा निखात निधी अधिनियम; तिथे दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची. वीरगळाची किंमत तलाठ्याने ठरवायची का? आणि यादीत नाव असले तरी निश्चिंती नाही. मार्च 2024 मध्ये केंद्राने वगळायला काढलेल्या 18 स्मारकांत फरिदाबादजवळच्या मुजेसरचा कोसमिनार होता. तोही वाटेवरचाच.

आता आपल्या मंडळींविषयी. पिढ्यान्‌पिढ्या पुजलेल्या शिळेला तेल चोपडून, अक्षरांवर खडू घासून फोटो काढायचा आणि 'नवा वीरगळ उजेडात' म्हणून बातमी द्यायची, हे बंद करा. अशा बातम्या या अंकात छापल्या जाणार नाहीत. रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी आला त्या दिवशी ही मंडळी कुठे असतात?

15 ऑगस्टच्या ग्रामसभेला महिना आहे. शिळा जागची हलवू नका. चारही बाजूंचे मोजपट्टीसह फोटो, अक्षांश-रेखांश, थरांचे वर्णन, लेख असल्यास त्याचा ठसा, एवढे कागद करा. ठसा जाणकाराकडूनच घ्या. ग्रामसभेत ठराव मांडा, शिळेची नोंद ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत करून घ्या आणि सही-शिक्क्याची प्रत बांधकाम विभागाला द्या, पोच घेऊन. सातबारा मागणाऱ्यांना हीच प्रत दाखवा. एक प्रत आमच्याकडेही पाठवा.