बक्षीस कशाचं?

१९५८ साली कार्लोव्ही व्हारीच्या चित्रपट महोत्सवात ‘मदर इंडिया’साठी नर्गिसला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. १९६३ साली मॉस्कोत ‘सात पाके बाँधा’साठी सुचित्रा सेनला. हे सांगताना आपला ऊर भरून येतो. माझाही येतो.

पण मैत्रिणींनो, मी वस्तीत काम करते. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला तिथे घरचेच ऐकवतात, “मदर इंडिया बघ, तिनं किती सोसलं!” राधा स्वतः नांगर ओढते, सावकाराच्या वासनेपुढे मान तुकवत नाही, हे कोणी सांगत नाही. गावाच्या अब्रूसाठी पोटच्या पोराला गोळी घालते, तेवढीच पूजनीय! सुचित्रा सेनची अर्चना तर चिडून नवऱ्याचा सदरा फाडते. तिचा दाखला का नाही देत कोणी?

नर्गिस लहानपणापासून कॅमेऱ्यापुढे राबली. तो मान तिच्या मेहनतीचा, कसबाचा होता, सोशिकपणाचा नव्हे. त्याच १९५८ साली तिचं लग्न झालं आणि पडद्यावरचं काम जवळजवळ थांबलं. त्याची हळहळ किती जणांना वाटली?

म्हणून यापुढे कोणी राधाचा दाखला दिला, की गप्प बसू नका. विचारा: नर्गिसला कामाचा मोबदला मिळाला, मान मिळाला, संध्याकाळी चेहऱ्यावरचा रंग धुऊन ती घरी गेली. आमच्या बाईच्या पाठीवरचे वळ कशानं धुवायचे?