चंद्रावरचा अशोकस्तंभ आणि शोधाची शिस्त

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. पाठोपाठ एक चित्र देशभर फिरले: चांद्रमातीत अशोकस्तंभ व इस्रोचे बोधचिन्ह ठसठशीत उमटलेले. प्रज्ञान रोव्हरच्या मागील चाकांवर ही चिन्हे कोरलेली होती, हे खरे. पण ते चित्र मात्र संगणकावर घडवलेली कलाकृती होते. अर्धसत्य असेच पसरते.

‘चंद्रावर अशोकस्तंभ’ एवढेच शोधले, तर तेच चित्र असंख्य ठिकाणी दिसते आणि पुनरावृत्तीलाच आपण पुरावा समजतो. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, दाव्याचा उगम शोधावा. चित्रावरून शोध घेऊन ते प्रथम कोठे आले ते पाहावे. नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत लिहावा. तारखेची मर्यादा घालावी. शेवटी इस्रोच्या संकेतस्थळापुरताच शोध घ्यावा. याच मोहिमेतील गंधकाची बातमी या कसोटीस पूर्ण उतरते: रोव्हरवरील लेझर उपकरणाने दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक ओळखल्याचे इस्रोने ऑगस्ट २०२३ मध्येच जाहीर केले होते.

ठशाचे चित्र घरोघरी पोहोचले, गंधक किती जणांना ठाऊक आहे? खोट्या चित्राची खरी हानी हीच: ते खऱ्या यशाला झाकोळून टाकते.