गावच्या घराला कारागीर

कोकणातल्या कौलारू घराला वर्षभरात निदान पाच-सहा कारागिरांचे हात लागतात. शाकारणी करणारा, सुतार, गवंडी, वायरमन, पंप दुरुस्त करणारा, आणि परड्यात माड असतील तर नारळ पाडणारा. घरात कायमची वस्ती होती तोवर ही माणसे ठरलेली असत, त्यांना शोधावे लागत नसे. मुंबईची नोकरी संपवून गावी राहायला आलेला चाकरमानी, किंवा गावाशी काहीच नाते नसताना तिथे घर घेतलेले शहरी कुटुंब, यांना मात्र ही घडी नव्याने बसवावी लागते. त्याला एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी जातो.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात देशावरच्या बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. सुतार, लोहार, कुंभार वर्षभर गावाचे काम करीत आणि सुगीत खळ्यावरून धान्याचा वाटा नेत. कोकणात ही व्यवस्था तितकी घट्ट नव्हती, तरी घर आणि कारागीर यांची पिढीजात बांधिलकी तिथेही होती. ती मोडली हे चांगलेच झाले, कारण तिने काम जातीला जखडले होते आणि आपल्या कामाचे मोल ठरवण्याचा हक्क कारागिराला ठेवला नव्हता. आजचा कारागीर स्वतंत्र आहे. आधी कोणाच्या घरी जायचे हे तो स्वतः ठरवतो, आणि बाहेरून आलेल्या कुटुंबाने पहिल्या दिवसापासून हे ध्यानात ठेवलेले बरे.

हा कारागीर आता त्याच वाडीतला असतो असेही नाही. गावचे तरुण मुंबईला गेले. त्यांच्या जागी चिरेकामाला आणि गिलाव्याला उत्तर कर्नाटकातले गवंडी आले, आंब्याच्या बागांत नेपाळी गडी आले. बाहेरून येणाऱ्यांचा हात बहुधा वेगवान आणि साफ असतो. पण पावसाळा लागला की त्यांतले बरेच आपल्या गावी परततात, आणि गळती कळते ती पावसातच. म्हणून नव्या बांधकामाला बाहेरची टोळी चालते. दुरुस्तीला मात्र हाकेच्या अंतरावर राहणारा माणूसच लागतो.

सर्वांत दुर्मीळ झाला आहे तो शाकारणी करणारा. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पुढे ही मंगळुरी कौले कोकणात रुळली आणि गवताची व नळ्यांची छपरे मागे पडली. पण कौलही दरवर्षी हाताळावे लागते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याआधी कौले उतरवून शेवाळ झाडायचे, फुटकी बदलायची, किडलेली रीप काढायची, आढ्यावरचे कोने पुन्हा बसवायचे. वानरांचा कळप छपरावरून गेला असेल तर सरकलेली कौले वेगळी. जाणता माणूस वर चढण्याआधी माळ्यावर जातो आणि खालून उजेडाची भोके पाहून घेतो. पाख्यावर त्याचा पाय वाशाच्या रेषेतच पडतो. अजाण माणूस एक फुटके कौल बदलताना आणखी चार फोडून येतो. पहिल्याच भेटीत सगळे छप्पर काढून पत्रे घालायला सांगणाऱ्याला हे काम बहुधा येत नसते. त्याच्या सल्ल्यावरून छप्पर उतरवण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी दाखवावे.

गवंड्याची पारख जांभ्यावर होते. खाणीतून नुकता निघालेला चिरा मऊ असतो आणि हवा लागून कठीण होत जातो, पण तो सच्छिद्रच राहतो. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते सोडते. जुन्या घरांचा चुन्याचा गिलावा या ओलीला वाट देत असे. ज्याने जांभ्याच्या जुन्या भिंतीवर काम केलेले नाही तो गवंडी ओल दिसली की सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट सुचवतो. मग आत कोंडलेली ओल दोन-तीन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे पाडते. पन्हळ कुठे फुटली आहे, जोत्याला माती किती चढली आहे, पागोळ्यांचे पाणी कुठे पडते हे आधी पाहणाऱ्याच्या हाती घर सोपवावे. सिमेंटकामावर पाणी कोण मारणार, हेही काम सुरू होण्याआधी ठरलेले हवे. काँक्रीट साध्या सिमेंटचे असेल तर किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटचे असेल तर १० दिवस ते ओले ठेवावे असे भारतीय मानक सांगते. मालक मुंबईला आणि गवंडी दुसऱ्या कामावर गेला की स्लॅबला तडे जातात, आणि बोल मात्र गवंड्यालाच लागतो. हा अन्याय आहे.

वीज हा एकच विषय असा, जिथे शेजाऱ्याची शिफारस पुरत नाही. मीटरच्या पुढची वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी असते आणि नव्या जोडणीला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, प्लंबरचा एक वर्षाचा. तालुक्याच्या आयटीआयमधल्या निदेशकांना आपले कोणते विद्यार्थी आसपास काम करतात हे ठाऊक असते, आणि तिथे जाऊन विचारणारे फार थोडे. कातळावरच्या घरात अर्थिंग नीट झाले आहे का, हे तपासून घेतलेच पाहिजे: जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात कोरडा पडतो, आणि कोरड्या जमिनीत वीज सहज उतरत नाही.

माडांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. चढणारे कमी झाले म्हणून नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले. तरीही बहुतेक वाड्यांत हे काम एक-दोन माणसांवरच चालते, आणि त्यांच्या फेरीत नाव घातल्याशिवाय ते येत नाहीत.

चौकशीची सुरुवात घरांपासून करावी. मागच्या पावसात कोणाचे छप्पर गळले नाही, हे वाडीत सर्वांना माहीत असते. तालुक्याच्या बाजारातला हार्डवेअरवाला कोण कुठला माल नेतो हे पाहत असतो, पण त्याचे स्वतःचे गिऱ्हाईकही त्यात असते, म्हणून त्याचा शब्द दुसऱ्या कोणाकडून तरी पडताळावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी धरून १८ व्यवसाय आहेत आणि अर्जांची पहिली छाननी ग्रामपंचायतीत होते. तेव्हा तिथे विचारल्यास नावे कळू शकतात. वायरमन आणि प्लंबर या १८ व्यवसायांत नाहीत.

पहिले काम लहान द्यावे: एक दरवाजा, एक नळ, पडवीची चार कौले. हजेरीवर की अंगावर, हे बोलून घ्यावे. दुरुस्तीत भिंत उघडल्यावर काय निघेल ते सांगता येत नाही, म्हणून ती हजेरीवर बरी. मोजता येणारे काम अंगावर. ब्रास हा शब्द वाळूसाठी १०० घनफूट आणि गिलाव्यासाठी १०० चौरस फूट अशा दोन अर्थांनी चालतो, त्यामुळे हिशेब कागदावर मांडलेला असावा. मोठी उचल देऊ नये. पण झालेल्या कामाचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. कारागीरही घराची पारख करतो. पैशांसाठी ज्या घरी तीन खेपा घालाव्या लागतात तिथे तो चौथ्यांदा जात नाही, आणि ही गोष्ट तो इतरांनाही सांगतो.

शेवटी वेळ. शिमग्याचे दिवस, आंबा-काजूचा हंगाम, जून-जुलैतली लावणी, गणपती आणि ऑक्टोबरातली कापणी या काळात स्थानिक माणूस मिळणे कठीण, कारण त्याचेही शेत आणि घर असते. सुतारकाम आणि गवंडीकाम दिवाळीनंतर काढावे. शाकारणीसाठी शिमग्याआधी निरोप द्यावा आणि मे संपण्याआधी काम उरकून घ्यावे. कोकणात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचतो.