आधी दोरी, मग मशीन



नृसिंहवाडीजवळच्या एका गावातल्या तरुणाने मला मध्यंतरी फोन केला. "सर, रस्ता न फोडता जमिनीखालून पाईप टाकणारी ड्रिलिंग मशीन घेतोय. कर्ज होतंय. घेऊ ना?"

मी विचारलं, "तुमच्या भागात जमिनीत आधीच टाकलेले पाईप किती आहेत? आणि त्यातले मोकळे किती?"

तो म्हणाला, "ते कोण बघतंय सर?"

बस्स. माझ्या मते धंदा तिथेच आहे, जिथे कोणी बघत नाही. आजच्या लेखाचं सार एका ओळीत सांगतो: नवीन पाईप टाकायची मशीन नंतर घ्या. आधी जुना पाईप मोकळा करून त्यात दोरी ओवून देणारा माणूस व्हा.

वाडीला हा धंदा का?

वाडीला कृष्णा आणि पंचगंगेचा संगम आहे. पाणी चढून दत्त मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजातून बाहेर पडतं आणि लोक दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला गर्दी करतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती उंचावरच्या जागी नेतात. पेढे-बासुंदीचे दुकानदार माल वर चढवतात. नदीकाठचा शेतकरी मोटर काढून घरी आणतो. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षांनी शिरोळ तालुक्याला हे पुरेपूर शिकवलंय.

पण बघा, मूर्ती हलवता येते, माल हलवता येतो, मोटर हलवता येते. जमिनीतला पाईप कुठे हलवणार? मीटरपेटीपासून मोटरपर्यंतचा केबलचा पाईप, दुकानापासून कॅमेऱ्याच्या खांबापर्यंतचा पाईप, इंटरनेटच्या फायबरची नळी, सगळं तिथेच राहतं. पाणी ओसरतं, गाळ आत राहतो. उन्हं पडली की तो विटेसारखा घट्ट होतो.

हिशोब करून दाखवतो. आतून ५० मिलिमीटर व्यासाचा १०० मीटर पाईप घ्या. तो अर्धा जरी भरला, तरी आत जवळपास ९८ लिटर गाळ झाला. म्हणजे वीस लिटरच्या पाच बादल्या! गिऱ्हाईकाला वाटतं "थोडी माती गेलीय आत". तुम्ही त्याला हा आकडा सांगा, मग तो तुमच्या मजुरीवर वाद घालणार नाही.

सामान काय लागतं?

पहिलं हत्यार म्हणजे डक्ट रॉडर. चाकाच्या पिंजऱ्यात गुंडाळलेला फायबरग्लासचा लवचिक रॉड. घरातल्या वायरिंगला इलेक्ट्रिशियन जी स्प्रिंग घालतो, तिचाच हा थोरला भाऊ. घरातल्या नळीला स्प्रिंग पुरते, पण शंभर मीटर ढकलायला ताठ आणि तरीही वाकणारा रॉड लागतो.

त्यानंतर: रॉडच्या टोकाला लावायचा ब्रश, नायलॉनची मजबूत दोरी, केबलचं टोक पकडणारी जाळीदार ग्रिप, ओढताना केबलला पीळ पडू नये म्हणून मधे लावायची फिरती कडी, पाण्यात मिसळणारं केबलचं वंगण आणि पाईपच्या तोंडाची टोपणं. पाणी मारायचा पंप सुरुवातीला भाड्याने आणा. ही सगळी मंडळी एका टेम्पोत मावतात. मशीनला मात्र स्वतःची गाडी, ऑपरेटर, डिझेल आणि दर महिन्याचा हप्ता लागतो.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९७१ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या प्रयोगशाळेत, जिला आज फर्मीलॅब म्हणतात, लांबच लांब नळ्या आतून साफ करायच्या होत्या. तिथल्या लोकांनी फेलिशिया नावाची फेरेट आणली. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लहान प्राणी. तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून तिला नळीत सोडायचे. ती पलीकडे निघाली की त्या दोरीने साफसफाईचा बोळा ओढून घ्यायचे. अणूच्या आत बघणाऱ्या शास्त्रज्ञांचंही काम पहिली दोरी पलीकडे गेल्याशिवाय पुढे सरकत नव्हतं. आपलं कसं सरकेल?

काम कसं करायचं?

आधी नुसता रॉड घाला. जिथे अडेल तिथे रॉडला पाईपच्या तोंडाशी चिकटपट्टीची खूण करा. रॉड बाहेर काढून पाईपच्या मार्गावर जमिनीवर आंथरा. टोक जिथे येईल, साधारण तिथेच अडथळा. आधी दुसऱ्या बाजूने प्रयत्न करा, पाणी मारा. तरी नाही सुटलं, तर तेवढा एकच खड्डा घ्या. अख्खा चर खणायची गरज नाही. गिऱ्हाईकाचे पैसे वाचतात ते इथे.

रॉड पार झाला की त्याला दोरी बांधून परत ओढा. मग दोरीने ब्रश, पाणी, पुन्हा ब्रश. शेवटी पाईपच्या आतल्या व्यासाच्या साधारण ८० टक्के जाडीचा गुळगुळीत ठोकळा दोन्ही टोकांना दोरी बांधून ओढून बघा. ५० मिलिमीटरच्या पाईपला ४० चा ठोकळा. तो विनाअडथळा पार झाला तर पाईप पास. अडकला तर मागच्या दोरीने परत काढता येतो. लाखाची केबल अडकण्यापेक्षा लाकडाचा ठोकळा अडकलेला बरा.

वंगणात कंजूषी करू नका. गाळाने खरखरीत झालेल्या पाईपात घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर एका काटकोनी वळणानंतर दोरीवरची ओढ सुमारे २.२ पट होते, दुसऱ्यानंतर ४.८ पट. पाईप धुऊन, वंगण लावून तो गुणांक ०.२ वर आणला, तर दोन वळणांनंतरही ओढ १.९ पटच राहते. मात्र ग्रीस किंवा रॉकेल वापरू नका, काही केबलींचं वरचं आवरण त्याने खराब होतं.

विकायचं काय?

इथे बहुतेक जण चुकतात. मीटरवर भाव लावतात. गिऱ्हाईकाला मीटर नको असतात, त्याला वाट हवी असते. म्हणून तीन गोष्टी एकत्र विका: ठोकळा पास झालेला पाईप, आत कायमची ठेवलेली दोरी, आणि दोन्ही तोंडांना टोपण. केबल ओढताना सोबत एक जादा दोरी ओढून आत ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळचं काम सोपं. ही दोरी न ठेवल्यामुळे मी स्वतः एकदा नवीन केलेला काँक्रीटचा कट्टा फोडलाय. चूक माझीच होती, खर्चही माझाच झाला.

भाव दोन टप्प्यांत सांगा. तपासणीचे पैसे वेगळे, मोकळं करण्याचे वेगळे. पाईप मधेच चेपला असेल आणि मोकळा झाला नाही, तर फक्त तपासणीचे घ्या. आत आधीची केबल असेल तर जबरदस्तीने रॉड ढकलू नका. ती जोखीम कामाआधी कागदावर लिहून घ्या.

आता कळीचा मुद्दा. पूर ओसरल्यावर सगळ्यांना एकदम गरज असते. तेव्हा दुप्पट भाव मागितला तरी मिळेल. मागू नका. वाडी, कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर, सगळे एकमेकांचे पाहुणे. अडल्या वेळी कोणी किती घेतले, हे पाण्याच्या खुणेसारखं भिंतीवर राहतं. कमवायचंच असेल तर मे महिन्यात कमवा. पावसाआधी टोपणं तपासणे, दोरी बघणे, आणि पुरानंतर ठरलेल्या भावात आधी नंबर, असा वर्षाचा करार करा. पुरावर नाही, पुराच्या तयारीवर धंदा उभा करा.

हे नियम मोडायचे नाहीत

वीज बंद आहे हे टेस्टरने स्वतः तपासल्याशिवाय रॉड घालायचा नाही. केबलची जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायची. त्याच्याशी भागीदारी ठेवा, तोच तुम्हाला कामं देईल. बंद चेंबरमध्ये उतरायचं नाही, आतल्या विषारी वायूचा वास येईलच असं नसतं. आणि हे काम केबलच्या पाईपांचं आहे. गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, कोणी कितीही पैसे देवो. सार्वजनिक रस्त्यावर खड्डा घ्यायचा असेल तर आधी परवानगी घ्या आणि केंद्र सरकारच्या 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर कळवा. ते मार्च २०२३ पासून त्याचसाठी आहे.

"पण सर, मशीनमध्ये पैसा जास्त आहे." मान्य. मोठी ठेकेदारी मिळाली तर नक्कीच आहे. पण ती मिळेपर्यंत हप्ता थांबत नाही. रॉडर घेऊन दोन पावसाळे काढा. कुणाचा पाईप कुठून जातो, कुठे वळतो, कुठे चेपलाय, याची वही तयार होईल. ती वही हातात असलेला माणूस मशीन घेईल, तेव्हा त्याला काम शोधत फिरावं लागणार नाही.

त्या तरुणाला मी एवढंच सांगितलं: या आठवड्यात दहा जणांकडे जा. "तुमचा पाईप मोकळा आहे का?" एवढंच विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. तुम्हीही आपल्या गावात हेच करा. दहातले चार जण जरी "माहीत नाही" म्हणाले, तरी तुमचा धंदा तुम्हाला सापडला.